तीन सेकंदांची साधना

मुळशीच्या डोंगरांतून निघालेली मुळा नदी पुण्याकडे येऊं लागते, तेव्हां शहराच्या थोडें अलीकडे म्हाळुंगें आणि बालेवाडी हीं दोन गांवें लागतात. पहिलें मुळशी तालुक्यांतलें, दुसरें हवेलींतलें. या दोन गांवांच्या जमिनीवर १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल उभारण्यांत आलें. त्या संकुलांत नेमबाजीचीं मैदानें आहेत. आपण घरबसल्या क्षणभर त्यांतल्या पंचवीस मीटरांच्या मैदानावर चलावें, अशी माझी विनंती आहे.

एक मुलगी रेषेवर उभी आहे. तिच्या हातांत पिस्तूल आहे. पण तो हात अद्याप लक्ष्याकडे नाहीं. तो खालीं, जमिनीकडे झुकलेला आहे, कारण इशारा होईपर्यंत तो ४५ अंशांच्या वर नेऊं नये असा नियम आहे. लक्ष्याजवळचा तांबडा दिवा मालवतो आणि हिरवा लागतो. आतां तीन सेकंद! तेवढ्यांत हात वर आला पाहिजे, स्थिर झाला पाहिजे, डोळ्यानें नेम पाहिला पाहिजे आणि चाप ओढला गेला पाहिजे. हें वाक्य मीं पुरें केलें, त्याच्या आधींच तिची वेळ संपून गेली. पुन्हां तांबडा दिवा, सात सेकंदांची उसंत, पुन्हां हिरवा. असें पांच वेळां झालें म्हणजे एक फेरी, आणि अशा सहा फेऱ्या म्हणजे तीस गोळ्या.

याच सामन्याचा पहिला अर्धा भाग मात्र अगदीं निराळा असतो. त्यांतही गोळ्या तीसच. परंतु पांच गोळ्यांना पांच मिनिटें मिळतात. म्हणजे एका गोळीस एक मिनिट! हात तोच, पिस्तूल तेंच, अंतर तेंच. एका अर्ध्यांत संथपणाची परीक्षा, दुसऱ्यांत वेगाची. पाहणारास वाटतें, हीं दोन वेगवेगळीं कौशल्यें आहेत आणि दुसरें कौशल्य हाताच्या चपळाईचें आहे. आजच्या भाषणांत मला सांगावयाचें आहे तें हेंच, कीं हीं दोन कौशल्यें नाहींत, एकच आहे. वेग शिकवितां येत नाहीं. सावकाश केलेल्या अचूक कृतीमधून निरुपयोगी हालचाल गळून गेली म्हणजे जें उरतें, त्यालाच आपण वेग म्हणतों. आणि सावकाश शिकावयाचें तर मोकळी जागा, उघड दिवस आणि कायद्याचा आसरा लागतो. आपल्याकडील सामान्य माणूस या तिन्ही गोष्टींना सुमारें पाऊणशें वर्षें मुकला होता. तो इतिहास आधीं पाहूं, आणि मग सरावाकडे वळूं.

मावळांतील पायदळाचें नांव शिवकालापासून गाजलेलें आहे. पण ग्रँट डफ यानें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत एक मार्मिक भेद केला आहे. मावळे तलवार घेऊन अंगावर जाण्यांत वाकबगार, आणि कोंकणांतले हेटकरी बंदुकीच्या नेमांत वाकबगार, असें तो सांगतो. त्या काळची बंदूक ठासणीची. दारू ओतावयाची, गोळी सारावयाची, गजानें ठासावयाची, रंजक भरावयाची, मग नेम धरावयाचा. अशा हत्यारांत वेग कोठून यावयाचा? तो चाप ओढण्यांत नव्हता. आधींच्या या साऱ्या कृतींच्या क्रमांत होता. ज्याचा क्रम चुकला त्याची बंदूक ऐनवेळीं मुकी राही.

ही गोष्ट युरोपांतही त्याच शतकांत ओळखली गेली. हॉलंडमध्यें १६०७ सालीं जेकब द घेन या चित्रकारानें शिपायांच्या कवायतीचें एक सचित्र पुस्तक काढलें. त्यांत बंदूक खांद्यावरून उतरविण्यापासून ती पुन्हां भरण्यापर्यंतची सारी कृति चाळीसांहून अधिक पायऱ्यांत तोडून दाखविली होती, आणि प्रत्येक पायरीस एक चित्र होतें. कवायत या कल्पनेचा गाभा येथें आहे. अवघड कृति समोर आली तर ती घाईनें करूं नये. तिचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणें घोटावा, आणि मग तुकडे असे जोडावेत कीं सांधा दिसूं नये. म्हाळुंग्याच्या मैदानावरची ती मुलगी आज तेंच करते. तिच्या तीन सेकंदांच्या पाठीमागें ही चारशें वर्षांची वहिवाट आहे.

आपल्याकडे मात्र ही वहिवाट मध्येंच खुंटली. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणें हा हिंदी माणसाच्या बाबतींत गुन्हा ठरला. युरोपियनांना त्यांतून सूट होती. १८८७ सालच्या मद्रासच्या राष्ट्रसभेंतही या कायद्याविषयीं चर्चा झाली. या कायद्यानें हत्यारें गेलीं असें आपण म्हणतों, आणि तें खरें आहे. पण त्याहून एक खोल नुकसान झालें त्याची मोजदाद कोणी करीत नाहीं. सराव गेला. संस्थानिक, लष्करांतले शिपाई आणि थोडे परवानेवाले शिकारी सोडले, तर चार माणसांनीं उघड्यावर जमून, चांदमारी लावून, एकमेकांच्या चुका दाखवीत शिकण्याची सोय उरली नाहीं. जी विद्या उघडपणें चुकतां येत नाहीं, ती विद्या वाढत नाहीं.

बालेवाडीकडे जाणारा रस्ता गणेशखिंडीवरून जातो. २२ जून १८९७ च्या रात्रीं त्याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चाफेकरांनीं रँडच्या गाडीवर मागून चढून अगदीं जवळून गोळी झाडली. त्या घटनेचें राजकारण हा आजचा विषय नव्हे. नेमबाजीच्या दृष्टीनें तींत लक्षांत येतें तें हें, कीं तेथें अंतरच नव्हतें. ज्यांना चांदमारीचें मैदान नाहीं, त्यांना लक्ष्याशीं जाऊन भिडावें लागतें. अंतरावरून नेम धरणें ही निवांतपणाची विद्या आहे, आणि निवांतपणा हा त्या पिढीच्या वांट्यास आलाच नव्हता.

या परिस्थितींतला विरोधाभास मुळशीशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें त्या पांडुरंग महादेव बापटांच्या चरित्रांत फार स्पष्ट दिसतो. पारनेरचा हा बुद्धिमान विद्यार्थी डेक्कन कॉलेजांत शिकला आणि १९०४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरोस यंत्रशास्त्र शिकावयास गेला. तेथील रायफल क्लबांत त्यांनीं नेमबाजीचे धडे घेतले. म्हणजे, ज्या राज्यकर्त्यांनीं आपल्या देशांत बंदुकीस हात लावूं दिला नाहीं, त्यांच्याच देशांत जाऊन, त्यांच्याच मैदानावर हा पारनेरचा तरुण नेम धरावयास शिकला. पुढें १९२१ सालीं टाटांच्या धरणासाठीं मुळशी खोऱ्यांतील पन्नासाच्या आसपास गांवांचें पाणी होणार असें दिसूं लागलें, तेव्हां रामनवमीच्या दिवशीं, १६ एप्रिल रोजीं, मावळ्यांनीं तेथें सत्याग्रह मांडला. त्या लढ्यानें बापटांना ‘सेनापति’ ही पदवी दिली. मावळ्यांच्या हातांत त्या वेळीं हत्यार नव्हतें. ते बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले. १९२४ च्या अखेरीस रेल्वे अडविल्याच्या प्रकरणीं बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालें, गांवें गेलीं. एडिंबरोचे ते धडे गिरविण्यास खुद्द मुळशींत एक हात मोकळी जागा कोणास कधीं मिळाली नाहीं.

ती जागा मिळण्यास स्वातंत्र्य यावें लागलें. १९५१ सालीं नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष कोण, तर गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढें पहिल्या लोकसभेचे सभापति झाले ते! घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंग्याचें, कर्मभूमि अहमदाबाद, आणि सारें सार्वजनिक आयुष्य गांधीजींच्या व वल्लभभाईंच्या सहवासांतलें. अहिंसेच्या लढ्यांत तुरुंग भोगलेल्या गृहस्थानें नेमबाजीची संस्था काढावी, याचें कित्येकांना नवल वाटतें. मला त्यांत विसंगति दिसत नाहीं. कायद्याचें राज्य आलें म्हणजे हत्याराची विद्या अंधारांतून उजेडांत आणावी, तिला नियम लावावेत आणि तिचा खेळ करावा, हें एका सभापतीस सुचणें अगदीं स्वाभाविक होतें. त्यांच्या नांवानें अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरत आल्या आहेत. १८७८ चा कायदा रद्द होऊन १९५९ चा नवा कायदा आला. परवाना आजही लागतो आणि तो लागावा हेंच योग्य. पण तो आतां कातडीचा रंग पाहून दिला जात नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळतों. मैदान मिळालें, परवाना मिळाला, गुरु मिळाला. पुढें काय घोटावयाचें?

पहिल्यानें थोडें गणित सांगतों. घाबरूं नका, तें स्वयंपाकघरांतल्या मापांइतकेंच सोपें आहे. वेगाच्या फेरींत लक्ष्याच्या मधलें, दहा गुणांचें वर्तुळ दहा सेंटिमीटर रुंद असतें. म्हणजे मध्यापासून पांच सेंटिमीटरांपर्यंतची चूक माफ. पिस्तुलाच्या तोंडाशीं एक लहानसा उभा ठोकळा असतो, त्यास बंदुकीच्या भाषेंत माशी म्हणतात. मागल्या टोकास एक खाच असते. खाचेंतून माशी नेमकी मधोमध आणि समपातळींत दिसली म्हणजे नेम जुळला. माशी आणि खाच यांच्यांतलें अंतर नियमाप्रमाणें फार तर २२ सेंटिमीटर असतें. पंचवीस मीटर हें अंतर त्याच्या सुमारें ११४ पट आहे. म्हणून खाचेंत माशी अर्ध्या मिलिमीटरानेंही सरकली, तरी लक्ष्यावर गोळी पांच सेंटिमीटरांहून अधिक सरकते आणि दहाचें वर्तुळ सुटतें. उलट, माशी व खाच जुळलेलीं असतील आणि सगळा हातच अर्धा सेंटिमीटर बाजूस गेला असेल, तर गोळीही केवळ अर्धा सेंटिमीटरच जाते.

या गणितांत सगळें शास्त्र आहे. नवशिका हात थरथरतो म्हणून कष्टी होतो आणि लक्ष्याकडे टक लावून पाहतो. जाणता हाताच्या किंचित् डोलण्याकडे दुर्लक्ष करतो आणि दृष्टि माशीवर ठेवतो. लक्ष्य त्याला धूसर दिसतें आणि तो तें धूसरच राहूं देतो. सुईंत दोरा ओवणारी गृहिणी सुईच्या नेढ्याकडे पाहते, पलीकडच्या भिंतीकडे नव्हे. तसेंच हें.

यासाठीं पहिला सराव गोळीवांचून होतो. नेमबाज मंडळी त्याला ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात. आपण रिकाम्या पिस्तुलाचा सराव म्हणूं. पिस्तूल रिकामें आहे हें दोनदां तपासावयाचें, गोळ्या त्या खोलींतच ठेवावयाच्या नाहींत, आणि समोर कोरी भिंत ठेवावयाची. लक्ष्य लावावयाचेंही नाहीं! कारण लक्ष्य दिसलें कीं मन गुणांकडे धांवतें. कोऱ्या भिंतीवर केवळ माशी, खाच आणि चापावरचें बोट एवढींच तीन राहतात. चाप हळूहळू, एकसारख्या दाबानें मागें आणावयाचा आणि तो सुटला त्या क्षणीं माशी हलली का, एवढेंच पाहावयाचें. या प्रकारच्या पिस्तुलाचा चाप निदान एक किलोग्रॅमचा भार पेलणारा असावा असा नियम आहे. किलोभर जोर एका बोटानें लावावयाचा आणि बाकीच्या चार बोटांना त्याची वार्ता लागूं द्यावयाची नाहीं, हें वाटतें तितकें सोपें नाहीं. चाप हिसकला कीं मनगट वळतें, आणि तो अर्धा मिलिमीटर तेथेंच हातचा जातो.

दुसरा सराव पायांचा. नेमबाजींत पाय कशाला, असें आपण विचाराल. डोळे मिटावयाचे, हात सवयीप्रमाणें वर न्यावयाचा, मग डोळे उघडावयाचे. माशी लक्ष्याच्या डावीकडे आढळली तर हात उजवीकडे ढकलावयाचा नाहीं. मागच्या पायाची जागा किंचित् बदलावयाची आणि पुन्हां डोळे मिटावयाचे. असें करतां करतां एक अशी उभी राहण्याची रीति सांपडते कीं हात आपल्या पायानें चालत आल्यासारखा लक्ष्यावर येतो. ती सांपडली म्हणजे तीन सेकंदांतला निम्मा प्रश्न सुटला. कारण हात आडवातिडवा दुरुस्त करण्यांत जो वेळ जातो, तो आतां जातच नाहीं. वेग वाढला नाहीं, उधळपट्टी थांबली.

तिसरा सराव हात उचलण्याचा. हात वर उचलणें आणि चाप दाबणें हीं नवशिक्याच्या मनांत एकापाठोपाठ एक येणारीं कामें असतात. शिकलेला नेमबाज तीं एकमेकांत गुंफतो. हात निघाला कीं चापावरचा पहिला हलका दाब सुरू होतो. माशी लक्ष्याच्या खालच्या कडेपर्यंत येते तोंवर दृष्टि तिच्यावर खिळलेली असते. हात थांबतो आणि उरलेला दाब पुरा होतो. हें आधीं कितीही वेळ घेऊन, घड्याळावांचून करावयाचें. कृति शंभरदां एकसारखी झाली कीं घड्याळ लावावयाचें, तेंही तीन सेकंदांचें नव्हे. आधीं सैल, मग थोडें आवळलेलें. कृति बिघडली तर घड्याळ पुन्हां सैल करावयाचें. आपल्या गवयांना हें सांगावें लागणार नाहीं. विलंबितांत ज्याचा स्वर ठरला नाहीं, त्याची द्रुत तान ऐकणारास फसवील, पण त्याच्या गुरूस फसविणार नाहीं.

चौथा सराव भीतीवर. बार उडण्याच्या धास्तीनें हात आधींच दचकतो आणि पिस्तुलाचें तोंड खालीं जातें. शिकणाऱ्यास हें कळत नाहीं, कारण बाराच्या धक्क्यांत तें लपून जातें. म्हणून गुरु त्याच्या नकळत खऱ्या गोळ्यांत एखादी खोटी गोळी मिसळून देतो. बार न होतां चाप सुटला, कीं आपला हात कसा उसळला हें शिष्य आपल्याच डोळ्यांनीं पाहतो. लाज वाटते, हंसूंही येतें. आणि दोष बरा होण्यास सुरुवात होते. कोणाच्याही उपदेशाचा इतका लवकर गुण येत नसेल.

पांचवा सराव वाचनाचा. कागदावरचीं छिद्रें ही नेमबाजाची वही आहे. पांच छिद्रें एकमेकांना चिकटून, पण मध्यापासून दूर असतील, तर शिकणारा चांगला आहे. पिस्तुलाची खाच तेवढी सरकवून घ्यावी. छिद्रें चोहोंकडे विखुरलीं असतील, तर एखादें दहांत बसलें म्हणून आनंद मानूं नये. पहिल्या प्रकारांत गुण कमी आणि विद्या अधिक असते. दुसऱ्यांत याच्या उलट.

पुरुषांच्या वेगवान सामन्यांत याच तत्त्वांची परीक्षा आणखी कठोर होते. तेथें पाऊण मीटराच्या अंतरानें पांच लक्ष्यें ओळीनें असतात आणि प्रत्येकावर एकेक गोळी झाडावयाची असते. आधीं आठ सेकंदांत, मग सहा, आणि शेवटीं चार सेकंदांत पांचही. या सामन्यांत २०१२ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें लष्करांतल्या विजयकुमारांनीं रौप्यपदक मिळविलें. पण ही विद्या हाताची कीं क्रमाची, या प्रश्नाचें उत्तर ज्यानें जगापुढें ठेवलें तो गृहस्थ हंगेरीचा. कारोली टाकाच हा सैनिक उजव्या हाताचा नामांकित नेमबाज होता. १९३८ सालीं हातबाँब हातांतच फुटून त्याचा तो हात निकामी झाला. त्यानें एकांतांत डावा हात पहिल्या पायरीपासून शिकविला, आणि पुढच्याच वर्षीं तो स्वदेशच्या स्पर्धेंत विजयी झाला. महायुद्धामुळें ऑलिंपिक थांबलें. तो थांबला नाहीं. १९४८ सालीं लंडनला आणि १९५२ सालीं हेलसिंकीला त्यानें याच वेगवान पिस्तुलाच्या सामन्यांत सुवर्णपदकें जिंकलीं. हातच गेला, तरी विद्या राहिली होती. ती हातांत असती तर हाताबरोबर गेली असती.

आतां आपल्या महाराष्ट्रांतलें उदाहरण सांगतों. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं नेमबाजीकडे वळावें याला निमित्त झालें त्याच गांवच्या तेजस्विनी सावंत यांचें. तेजस्विनी रायफलच्या, २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटरांच्या प्रोन प्रकारांत विश्वविजेत्या झालेल्या. राहींनीं पिस्तूल धरलें. २००८ सालीं पुण्यांत राष्ट्रकुल युवक स्पर्धा भरल्या, तेव्हां पंचवीस मीटरांच्या पिस्तुलांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत महाराष्ट्राच्याच अनिसा सय्यद यांच्या जोडीनें सुवर्ण, आणि एकेरींत अनिसांचें सुवर्ण, राहींचें रौप्य. २०१३ सालीं कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषकाचें सुवर्ण, २०१४ सालीं ग्लासगोस पुन्हां राष्ट्रकुलाचें.

नंतर कोपराची दुखापत आली. ज्या हातानें दिवसांतून शेंकडों वेळां वर यावयाचें, त्याचाच सांधा दुखूं लागला. यश मिळालेल्या माणसानें पुन्हां पहिल्या पायरीवर जाणें हें नवशिक्यापेक्षां अवघड असतें, कारण त्याला आपली पूर्वीची उंची माहीत असते. राहींना या काळांत मुंखबयार दोर्जसुरेन या मार्गदर्शिका लाभल्या. त्यांनीं स्वतः याच प्रकारांत १९९२ आणि २००८ सालीं ऑलिंपिकचीं कांस्यपदकें मिळविलेलीं होतीं.

ऑगस्ट २०१८. आशियाई स्पर्धांची पालेंबांग येथील अंतिम फेरी. अंतिम फेरींत दहाच्या वर्तुळाचाही आंतला भाग लागला तरच एक गुण, नाहीं तर शून्य. पन्नास गोळ्या झाल्या तेव्हां राही आणि थायलंडची नफस्वान यांगपायबून या दोघींचे प्रत्येकीं ३४ गुण होते. बरोबरी फोडण्यासाठीं पांच गोळ्यांची जादा फेरी झाली. दोघींचे चार-चार! पुन्हां पांच गोळ्या. या वेळीं राहींचे तीन, प्रतिस्पर्धिनीचे दोन. एका गोळीच्या फरकानें भारतीय स्त्रीस नेमबाजींतलें पहिलें आशियाई सुवर्णपदक मिळालें.

त्या शेवटच्या दहा गोळ्यांविषयीं विचार करावा. अशा वेळीं मन दोन प्रकारें दगा देतें. एक मन म्हणतें, लवकर झाड आणि मोकळी हो. दुसरें म्हणतें, अजून थोडें नीट पाहा. पहिल्याचें ऐकलें तर चाप हिसकतो, दुसऱ्याचें ऐकलें तर तीन सेकंद संपतात आणि सुटलेली गोळी मोजलीच जात नाहीं. या दोहोंच्या मधून जाणारी वाट त्या क्षणीं शोधून सांपडत नाहीं. ती कोऱ्या भिंतीसमोर, कोणी पाहत नसतांना, आधींच पायाखालीं घातलेली असावी लागते. त्या दोन फेऱ्यांमध्यें मिळालेली ती सात-सात सेकंदांची उसंत हीही सरावाचाच भाग असते. हात खालीं, श्वास बाहेर, मागल्या गोळीचा विचार तेथेंच सोडलेला. झालेल्या चुकीचें ओझें पुढच्या उचलीवर न घालणें, हें कदाचित् सगळ्यांत अवघड घोटकाम आहे आणि तें पिस्तुलाशिवाय आयुष्यांतही उपयोगी पडतें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या मुलांना पंचवीस मीटरांचें पिस्तूल हातीं धरावें लागणार नाहीं. या खेळास मैदान लागतें, गोळ्यांचा खर्च लागतो, परवान्याची दगदग लागते. तो सर्वांस परवडणारा नाहीं. दहा मीटरांचें हवेचें पिस्तूल त्यामानानें सुलभ आहे. तें एखाद्या शाळेच्या बंदिस्त दिवाणखान्यांतही शिकवितां येतें, आणि माशी, खाच व चाप यांचे धडे तेथेंही अगदीं हेच असतात. कोल्हापुरांत एका मुलीचें पाहून दुसरी उभी राहिली. एका गांवांत एक मैदान आणि एक जाणता माणूस असला म्हणजे अशी परंपरा सुरू होते, आणि तीं दोन्ही नाहींशीं झालीं कीं ती एका पिढींत विरून जाते. हत्यारबंदीच्या काळानें आपल्याला शिकविलेला धडा हाच आहे.

पुढें कधीं बालेवाडीकडे जाणें झालें आणि वाऱ्यावर लहान लहान बारांचे आवाज आले, तर थोडें थांबून ते मोजावेत. एक बार, मग शांतता, मग दुसरा. त्या शांततेंत कोणीतरी हात खालीं घेऊन उभें आहे. मुळेचें हेंच पाणी ज्या खोऱ्यांतून येतें, त्या खोऱ्याच्या सेनापतीला नेम शिकण्यासाठीं समुद्र ओलांडून एडिंबरोस जावें लागलें होतें. आतां म्हाळुंग्याच्या शिवेवर एक शाळकरी मुलगी भर दिवसा, नोंदवहींत नांव घालून, गुरूच्या देखत चुकते. आणि चूक कोठें झाली तें पाहून पुन्हां हात उचलते.